रकाना सातवा

बंबखान्याच्या माडीवर अकरा वह्या.
कापडी बांधणी, कडा वाळवीने चाखलेल्या.
वास धुराचा असेल असं वाटलं होतं,
तो उंदरांचा निघाला.
रोजचे साडेतीनशे, दुपारचा चहा कचेरीचा,
काम: वहीतल्या आगी संगणकात उतरवणे.

पहिल्या चार वह्या मोडीत. म्हणूनच मला बोलावलं.
हात न उचलता लिहिलेल्या त्या आगी
वाचणारं बडोद्याच्या या कचेरीत
दुसरं कुणी उरलेलं नाही.

चैत्र वद्य पंचमी. वाडीत गवताची गंजी.
पखाली नऊ, हौद एक, घागरी मोजल्या नाहीत.
गंजी गेली. बैल सोडले म्हणून वाचले.

मांडवीमागे सरकीचं गोदाम, तीन दिवस धुमसत.
बंबाचे घोडे जाळाला बुजले,
मग लहरीपुऱ्यापासून माणसांनीच बंब ओढला.
घोड्यांना दंड नाही. मोतद्दाराला आठ आणे.

कुठल्याशा पोळमध्ये लग्नाचा मांडव, कारण आतषबाजी.
‘दागिने व नवरी सुखरूप’ असं लिहून
कारकुनाने ते खोडलंय,
आणि नवरीला पुढे आणलंय.

तारीख, जागा, वर्दी, वेळ, कारण, मालाची हानी.
सातवा रकाना: जीवित हानी.
तिथे बहुतेक पानांवर एकच शब्द,
टाकातली शाई संपेपर्यंत ओढलेला:
निरंक.

पाचव्या वहीत लिपी बदलते. घोडे गेले,
पाठोपाठ राज्य गेलं,
निरंकच्या जागी गुजराती ‘नथी’ आलं.
रकाना तेवढाच रुंद.

नववी वही. उत्तरायणाला आठ दिवस.
गेंडीगेटजवळ पतंगांचं दुकान.
वर्दी देणारा अब्बास खंभाती, पायी धावत.
कारण: खळ शिजवायची शेगडी.
माल: तेरा हजार पतंग, फिरक्या, बांबूच्या काड्या.
पेटलेले पतंग आपोआप वर चढत होते
आणि सगळी गल्ली मान वर करून बघत होती,
हे वहीत नाही. हे मी घरी ऐकलंय.
जीवित हानी: नथी.

हजर कर्मचारी पाच.
तिसरं नाव: भोईटे मानाजी खंडेराव.

त्या रात्रीनंतर बाबा डाव्या हाताने जेवले.
उजव्याची बोटं एकमेकांना धरून बसली होती,
मोडीतल्या अक्षरांसारखी, असं लिहिणार होते,
पण नको.
ती नुसती चिकटली होती.

मोडी त्यांनीच शिकवली, पाटीवर, डावखुरी.
माझी अक्षरं अजून भलतीकडेच कलतात.

न्हाणीघरातला तांब्याचा बंब तेच पेटवायचे.
शेणी, करवंटी, आगपेटी गुडघ्यात धरून काडी.
आपल्या भाषेने दोघांना एकच नाव ठेवलंय:
हा पोटात विस्तव घेऊन पाणी तापवतो,
तो पोटात पाणी घेऊन विस्तवाकडे धावतो.
‘घरचा बरा,’ बाबा म्हणायचे,
‘मेला घंटा तरी वाजवत नाही.’

सातव्या रकान्यात संगणक आकडाच मागतो.
अक्षर टाकलं की चौकट तांबडी होते.
मी ‘एक हात’ टाकून पाहिलं. तांबडी.
‘एक’ टाकलं असतं तर चाललं असतं,
पण एक म्हणजे माणूस गेला असं होतं,
आणि बाबा तर पुढे सव्वीस वर्षं होते,
भाजी निवडत, रेडिओचा कान पिळत,
पतंगाचे दिवस आले की
गच्चीच्या दाराला आतून कडी घालून.

शून्य टाकलं.
खाली जवान पाइप धुऊन उन्हात पसरत होते,
कुणीतरी कुणाला तरी भिजवलं, शिवी आली, हसू आलं.

दहावी वही.
पहिलीच नोंद: वर्दी खोटी.
हलवायाच्या भट्टीचा धूर.
बंब गेला,
आणि भरलेलाच परत आला.