सामायिक फळा

एदुविगिस बाई पांढऱ्या पडद्यावर होडी काढतात,
अर्धीच.
"उरलेली तुम्ही."

चिलोएच्या बेटाबेटांवरून बाण येतात,
प्रत्येकाच्या शेपटीला नाव.
रोसेंदो शीड ओढतो, होडीहून मोठं.
कुणीतरी ते खोडतं. कुणी?
माइक सगळ्यांचेच बंद.

नेल्दाचं नेट रांगत येतं.
तिची रेघ तुकड्यातुकड्यांनी उमटते,
वल्हं मारून दमल्यासारखी.
बाई थांबतात;
सावली कुठून द्यायची ते सांगायचं राहूनच जातं.

नेल्दा पाणी काढतेय
होडीच्या वर.

"अगं, पाणी खाली असतं!" रोसेंदो.

"बाबांच्या वेळी वर होतं,"
ती कोपऱ्यात टाइप करते, बारीक अक्षरात.

बराच वेळ एकही बाण हलत नाही.
मग रोसेंदोचा,
निळा रंग घेऊन,
वर जातो.