दोन फाळी

आखाजीला नातींचा झोका बांधायचा
म्हणून निंबाखालचा नांगर उचलावा लागला.
खरं तर एवढंच झालं.
सोळा वर्षं तो तिथं, चाकं मातीत अर्धी,
बीमवर कोंबड्या,
आणि खटक्याला अजून लोंबणारा काळा दोर,
जो ट्रॅक्टरवरून, मागे न बघता, ओढला
की बांधाशी दोन्ही फाळ खळ्ळकन वर यायचे.

पारोळ्याहून भंगारवाला आला काटा घेऊन.
बत्तीस रुपये किलो.
कौतिक आबांनी त्याला चहा पाजला
आणि मला बोलावलं.

मी पाट्या रंगवणारा माणूस.
दूध डेअरी, दवाखाना,
ट्रॉलीमागं मालकाच्या पोरांची नावं.
लोखंडाचं दुखणं मला काय ठाऊक.
म्हणून हिलालबाबा आला,
बावीस हंगाम हा नांगर ज्याच्या पाठीमागं चालला.

खोलीचा स्क्रू नऊ दिवस हलला नाही.
हातोडा मारू दिला नाही त्यानं.
रोज संध्याकाळी डिझेलचे चार थेंब,
लेकराच्या कानात तेल घालावं तसे,
आणि मग नुसता बसून राहायचा.
दहाव्या दिवशी ऊन उतरताना
स्क्रू कुरकुरला. अर्धा आटा.
‘बोलना,’ हिलालबाबा म्हणाला.

रंगावरून मात्र भांडणं.
पुतण्यानं मोबाईलवर केशरी दाखवला.
आबांना निळा आठवत होता.
घरातून निरोप आला : लाल होता,
माझ्या हळदीच्या दिवशी दारात उभा होता, मला सांगू नका.
मी घासत गेलो.
गंजाखाली हिरवा, तो कुणी दिला कुणालाच माहीत नाही.
हिरव्याखाली रेड ऑक्साईड.
आणि एका बोल्टाच्या टोपीखाली,
जिथं ऊन-पाऊस पोचलाच नाही,
नखाएवढा तांबडा,
पिकलेल्या मिरचीचा, वाळत घालायच्या आदल्या दिवशीचा.
तो कागदात बांधून अमळनेरला गेलो.
तिसऱ्या दुकानदारानं दोन डबे मिसळून जवळपास आणला.
जवळपासच.

नांगर उताणा केला तेव्हा
बीमच्या पोटाला नाव सापडलं,
वेल्डिंगच्या रॉडनं काढलेलं, जाडंभरडं,
पहिल्या अक्षराचा उकार तुटका.
सुमन.
अक्षरांवर पोट आहे माझं.
पैसे घेऊन काढलेलं अक्षर
मला लांबून ओळखू येतं. हे तसलं नव्हतं.
‘कोन व्हती, बाबा?’
त्यानं ग्रीसची नळी पुसली, पुन्हा पुसली.
‘व्हती.’
तिकडं निंबाला दोर पडला होता,
पोरी आधी कोण यावरून ओरडत होत्या.

ती जागा मी पुट्टीनं भरली नाही.
रंगाचे दोन हात तिच्यावरूनही गेले.
आता दिसत नाही.
बोट फिरवलं तर लागते.

शेवटी उरले फाळ आणि पंख.
मी ब्रश बुडवला.
‘थांब भो. त्याले रंग नही. त्याले माती उजळस.’
‘पण बाबा, आबा दाराशी ठेवणार आहेत,
हा आता माती कुठं बघणार?’
तो काही बोलला नाही.
मूठभर ग्रीस घेऊन पंखांवर चोळत राहिला,
आधी पुढच्या, मग मागच्या,
पोळ्याच्या आदल्या रात्री खांदे मळतात तसा,
जोर न लावता.

रात्री कोंबडी सवयीनं बीमवर चढली.
सकाळी अंगणभर तांबडे पाय,
झोक्याखालून थेट निंबाच्या बुंध्यापर्यंत.
बीमवर तीन-तीन बोटांची रांग.
मी पुन्हा एक हात देणार होतो,
आबा म्हणाले, किती वाजले बघ, राहू दे.

हिलालबाबानं नवा दोर आणला होता, सुताचा.
खटक्याला गाठ मारली,
चार पावलं पुढं गेला, नांगराकडं पाठ करून,
आणि ओढला.
टक्क.
फाळ हलले नाहीत.
चाक फिरल्याशिवाय उचलत नसतात ते,
हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक.
थोडा वेळ दोर हातातच होता.
मग म्हणाला, ‘तंबाखू शे का रे भो?’