ठिकाणाचा रकाना

वालदेवीच्या पुलाखाली रविवारी सहाला
आम्ही अकरा जण. लग्नसराईत सात.
गमबूट चारच जोड, त्यातला एक डावा फाटका,
म्हणून पाळीपाळीनं उतरायचं.

पाणवेल ओढताना आधी हाताला लागतं तिचं वजन,
मग वास, मग तिच्यात गुंतलेलं आपलंच गाव :
निर्माल्याची पिशवी, गाडी धुण्याचा ब्रश,
कुठल्याशा शाळेचं ओळखपत्र, फोटो धुऊन गेलेला.
ते शाहीन पठाण खिशात ठेवते.
तिला वाटतं, पोर शोधता येईल.

लवांडे काका पाण्यात येत नाहीत. गुडघा.
काठावर घडीची खुर्ची मांडून रजिस्टर धरतात.
छत्तीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजल्या त्यांनी,
नजरेची ती सवय अजून गेली नाही :
टबातली पिल्लं बघता बघता म्हणतात, एकोणचाळीस.
आम्ही दोनदा मोजतो. एकोणचाळीस.
त्यातली एकतीस तिलापिया.
"चलनात खोट्याच फार," काका म्हणतात
आणि तांबड्या पेनानं लिहितात.

माझ्याकडे प्राणवायू.
बाटली तिरपी बुडवायची, बुडबुडा शिरू द्यायचा नाही,
थेंब टाकायचे, रंग तक्त्याशी जुळवायचा.
वरच्या अंगाला साडेपाच,
नाल्याच्या तोंडाशी दोनच्या खाली.
दोनच्या खाली मासा वर येतो, तोंड उघडझाप करतो.
माझे वडील शेवटी शेवटी असेच बसायचे
पलंगाच्या कडेला, रात्रभर.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आकडा तेवढा सांगते.

गेल्या वैशाखात जेसीबीनं उपसलेले गोटे
काठावर ढीग लावून पडले होते.
ते आम्ही एकेक करून पात्रात परत नेऊन ठेवले.
पुलावरून एक जण ओरडला,
"नदीत दगड टाकतात, आणि म्हणे नदी वाचवतात!"
गेणूबाबा भोई तेव्हा नुसते बघत होते.
जाळं विकून त्यांना दहा वर्षं झाली.
तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले,
"असा पसरट नको. धार जिथं वळते तिथं टाका."
तेव्हापासून येतात. गमबूट घालत नाहीत.

माघातल्या एका रविवारी धुकं होतं,
देवळालीकडून सरावाच्या तोफा ऐकू येत होत्या,
आणि जाळीत आलं, बोटाएवढं,
खवले अंगाला मोठे होणारे,
थोरल्या भावाचा सदरा घातल्यासारखे.
गेणूबाबा वाकले. हात लावला नाही.
"खडस," म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं, "मिश्या बघ. चार."

मोबाइल निघालेच. अकरावीतला ओजस
स्टेटसला टाकणार, तोच बाबा म्हणाले,
"टाक की. उद्या ब्लीचिंग पावडर घेऊन येतील.
मागल्या खेपेला सुतळी बाँब होता."
ओजसनं फोन खिशात घातला.
मग पुन्हा काढून फोटोही पुसला.

काकांनी लिहिलं : खडस, एक, साडेसहा सेंटिमीटर.
ठिकाणाच्या रकान्याशी पेन थांबलं.
छत्तीस वर्षं रोज संध्याकाळी गेटवर झडती,
चप्पल काढून, डबा उघडून,
एक कोरा चिटोरादेखील बाहेर आला नाही त्यांच्याबरोबर.
त्यांनी टोपण लावलं,
खुर्ची मिटली
आणि इकडेतिकडे बघत, चोरासारखे,
जरा लंगडत, चढ चढून गेले.

खाली शाहीन टब तिरका धरून उभी होती,
आतलं पाणी बाहेरच्याइतकं गार होईपर्यंत.
माझ्या डाव्या बुटात नदी शिरली होती.
कुणीच काही बोललं नाही.