आवक-जावक

आवक क्रमांक चारशे बारा. हंडा, एक. पोचे, तीन.
अर्जदार इंदुबाई लोणारी, तांबट आळी, जुने नाशिक.
विषय : पोचे काढून मिळणेबाबत.

मी म्हटलं, बाई, ही महापालिका आहे.
म्हणाल्या, माहितेय, म्हणून तर रिक्षा करून आणला.
ज्यांनी काढायचे त्यांचे हात तुम्ही बांधलेत,
आता तुम्ही काढा.

त्यांच्या मागे रांग.
जिन्यावरून खाली, पार्किंगमधून
पार शरणपूर रोडपर्यंत.
घागरी, घंगाळं, कुणाच्या लग्नातलं तपेलं,
भद्रकालीतून सायराबी डोक्यावर डेग घेऊन,
पंचवटीचा एक पोरगा नुसतंच झाकण घेऊन.
घोषणा नाहीत. फलक नाही.
भांड्याला भांडं लागलं की तेवढा आवाज.

तो आदेश मीच टाइप केला होता.
'निवासी क्षेत्रातील ठोकाठोक तात्काळ बंद करून
अंबड येथे स्थलांतर करणेबाबत.'
'ध्वनी'च्या जागी माझ्याकडून 'धनी' पडलं,
साहेबांनी लाल शाईने नीट केलं.
त्या कागदात झालेली
ती एकच दुरुस्ती.

चारशे तीस. चारशे एकतीस.
तक्रार ज्यांची होती ते बर्वेकाका
बाकावर येऊन बसले, हातात रिकामी पिशवी.
विचारलं, काका, आता तरी झोप लागते?
म्हणाले, नाही रे.
ते गुडघ्यांमुळे होतं बहुतेक.
मग बराच वेळ पिशवीची घडी घालत राहिले.

चारशे अठ्ठावन्न : बंब, एक.
वर पाहिलं तर सुमेधा.
सकाळी डबा देताना एक अक्षर बोलली नव्हती.
मी म्हटलं, अगं, घरी सांगायचंस.
ती म्हणाली, पोच द्या.
शिक्का मारला. सही केली. नवऱ्याचीच, पण कार्यालयीन.

दुपारी रत्नाकर करडेकर आले, रिकाम्या हातांनी.
नऊ दिवस हातोडी नाही,
बोटं अजून तिच्या आकारातच वळलेली.
खोली पाहिली : कपाटावर घागरी, फायलींवर तांबे,
आवकच्या खिडकीत उन्हाने पेटलेलं एक परातीएवढं तांबं.
म्हणाले, पोचा बाहेरून ठोकला तर अजून आत जातो, भाऊ.
तो आतूनच उचलावा लागतो.
एवढंच बोलून चहा न घेता गेले.

मी काही मोठं केलं नाही.
तळातली फाइल फक्त वर ठेवली.
दुसऱ्या दिवशी परत वर ठेवली.
तिसऱ्या दिवशी साहेबांच्या खुर्चीत ठेवली,
बसायला जागाच नव्हती दुसरी, सगळीकडे भांडी.

'रद्द' हा शब्द नाही आला.
'पुढील आदेशापर्यंत स्थगिती' असं आलं.
खाली पेढे वाटले. करडेकरांनी पेढा हातातच धरून विचारलं,
पुढील म्हणजे कधी?
माझ्याकडे त्याचा रकाना नाही.

मग जावक. पाच दिवस नुसती जावक.
सगळी भांडी गेली, पोच्यांसकट,
आळीत पहाटेपासून ठणठण सुरू झाली म्हणे.

एक तांब्या राहिला. नाव नाही, नंबर पुसलेला.
माझ्या टेबलाखाली असतो.
आत साहेबांनी हात आपटला की
बारीक वाजतो.