ओहोटीची वेळ

गणपती गेले की आमचा कारखाना ओस पडतो.
पीतांबरांच्या काठांचे पैसे हातात येतात,
नखांतला जांभळा मात्र दिवाळीपर्यंत हटत नाही.
त्याच नखांनी मी पाचशे मोजले
आणि म्हटलं, वन्सं, चला अलिबागला.

द्वारकावन्सं बावन्न वर्षांच्या, पेणच्या पेणात.
खाडी रोजची, पण समुद्र पाहिला तो
भाच्याच्या मोबाइलवर, तोही आडवा धरून.
किती लागतील? त्यांनी विचारलं.
म्हटलं, बाईमाणसाला एसटीत अर्धं तिकीट.
मग समुद्रही अर्धाच दाखवतील, त्या म्हणाल्या,
आणि लुगड्याच्या घडीतून नवी चप्पल काढली.

दोघींचे अठ्ठावन्न.

नऊ वाजता वाळूवर.
टांगेवाला म्हणाला, किल्ल्यात सोडतो, दोनशे.
वन्संनी घोड्याला नमस्कार केला,
त्याला नाही.
ओहोटी लागली की चालतच जाता येतं,
पायांना कोण तिकीट लावतंय?
पण ओहोटी अडीचला.

साडेपाच तास.
ज्याच्या खिशात पैसे असतात
तो समुद्र दहा मिनिटं बघतो,
पाठ फिरवून फोटो काढतो,
मग जेवायचं कुठं, यावर भांडतो.
आम्हाला तो अख्खा बघावा लागला.

सुरूंच्या सावलीबरोबर आम्ही सरकत गेलो.
भरलेलं पाणी आधी नुसतंच थांबलं,
देवळात शिरलेला माणूस
चपला काढून थांबतो तसं.
मग एक खडक उघडा पडला,
त्याच्या शेजारचा,
कुणी भांडी घासून पालथी घालत यावं तसे एकेक.
एवढं पाणी जातं कुठं गं?
मुरूडला, मी म्हटलं.
म्हणजे तिकडं आता भरती?
मी हो म्हटलं. मला माहीत नव्हतं.

पोटरीभर पाण्यातून निघालो,
लुगडं खोचून, एकमेकींचं मनगट धरून.
पायाखाली वाळूच्या वळ्या,
टाळूसारख्या.
किल्ल्यात पन्नास गेले.
आत एका कुंडाचं पाणी गोडं म्हणतात.
वन्सं काठावर बसून राहिल्या बराच वेळ.
चारी बाजूंनी खारट, आणि हे असं,
एवढंच म्हणाल्या.
मी पुढचं विचारलं नाही. त्यांच्या घरातलं मला ठाऊक आहे.

परतताना पाणी फिरलेलं.
एक लाट आली, मोठी म्हणावी अशीही नाही,
हातातली एक चप्पल घेऊन गेली.
डावी.
वन्सं उजवीकडे बघत राहिल्या,
जणू चूक तिचीच.
मग इतक्या हसल्या, इतक्या,
की मनगट सुटलं
आणि दोघी बसकण मारून पाण्यात.

बाजारात रबरी जोड, एकशे चाळीस.
म्हणजे सुरमईचं ताट गेलं,
जे एकात दोघी खाणार होतो,
जास्तीची भाकरी मागून.
खानावळीच्या अगदी दारात उभं राहून
तव्यावरच्या वासाला वडापाव लावून खाल्ला,
दोन-दोन.
शंभराचं सुकट मात्र घेतलं.
घरी काय सांगणार, समुद्रावर जाऊन
रिकाम्या हाताने आलो?

सहाला सूर्य टेकला.
तेवीस वर्षं मी रंगात हात घालते,
पण त्या पट्ट्याला आमच्याकडे डबा नाही.
शेंदरात पिवळा थोडा, आणि वर...
वर काय ते कळेपर्यंत
त्याने दुसरा हात मारला होता.
वन्सं म्हणाल्या, चहा घे, दहा-दहा रुपयांचा तर आहे.
घेतला.

रात्रीच्या एसटीत सुकटाच्या पिशवीपायी
पुढची दोन बाकडी रिकामी झाली.
आम्ही पाय पसरले.
साठ दिले, कंडक्टरकडे सुटे नव्हते,
तिकिटाच्या पाठीवर त्याने लिहिलं, दोन बाकी.
पेण आलं तेव्हा वन्सं झोपलेल्या,
उजवी चप्पल अजून पिशवीत,
दोन बाकी तशीच राहिली.

ते तिकीट मी देव्हाऱ्याच्या फळीत खोचलंय.
धाकटा म्हणतो, टाक ते.
कसं टाकू?
अलिबागकडे माझे दोन रुपये येणं आहे.
वन्सं परवा विचारत होत्या,
ओहोटी कधी असते गं रविवारी?