पपईएवढं

फोन घरात एकच, तोही त्याचा.
जिनिंगवरून येतो तेव्हा
बोलायच्या जाळीत रुई अडकलेली.
सुईनं काढते, पदरानं पुसते,
सगळे झोपले की मोरीच्या भिंतीला टेकते.
तिथे रेंजच्या दोन काड्या येतात.

पहिल्यांदा बोलून विचारलं,
'मले मयमय होते सकायी.'
त्यानं ऐकलं मलेशिया,
आणि समुद्रकाठची हॉटेलं दाखवली, न्याहारीसकट.
हसता हसता खरंच उलटी झाली.
मग गुरुजींसमोर बोलायचे तसं बोलले,
मळमळ,
ळ वर जीभ पुरती वळवून.
तेव्हा कुठे समजलं त्याला.

सोमवारी जिनिंगला सुट्टी, फोन घरी.
सोमवारीच लिहून येतं, पोटातलं केवढं झालं.
ब्लूबेरीएवढं. ऑलिव्हएवढं.
मी मनात बदलून घेते:
जंगलातल्या चारीएवढं, मोहफुलाएवढं.
अवोकाडोला अडले. फोटो पाहिला,
हिरवं, लांबुळकं, पोटात एकच बी.
कैरी, म्हटलं, आणि पुढे गेले.
बाविसाव्या सोमवारी आलं: पपईएवढं.
आणि दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी
सासूबाईंनी परसातलं पपईचं झाड
मुळासकट उपटलेलं.
त्या समोरच मेथी निवडत होत्या.
मी फोन उपडा करून मांडीखाली घेतला.

पानं पुष्कळ वाचली.
एक म्हणतं तूप खा, एक म्हणतं बघूही नका.
एक बाई केशराचं दूध सांगते,
तिच्या मागचा ओटा इतका पांढरा
की तिथे कुणी कधी फोडणी दिली नसावी.
आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तीच ओळ,
आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.
आपले डॉक्टर मंगळवारी येतात. आले तर.

आठवा लागला आणि पाय सुजले.
जोडवी साबण लावून काढली.
'सुजतेतच,' सासूबाई म्हणाल्या,
'माहे तं चारही खेपेले सुजले.'
फोनही म्हणाला, सुजतातच.
खाली सरकवलं तर म्हणाला,
डोकं दुखत असेल, डोळ्यांपुढे काजवे येत असतील
तर थांबू नका.
काजवे येत होते.
पण त्याच पानावर दोन्ही लिहिलेलं,
आणि बॅटरी चार टक्के.

दुसऱ्या रात्री शोधायला बोट टेकवलं
तर माझेच जुने प्रश्न उघडले, एकाखाली एक.
मधे एक, माझा नसलेला:
'बायको चे पाय सुजने डोके दुकने काय करावे'
वेळ, पावणेतीन.
म्हणजे तो जागा होता, भिंतीकडे तोंड करून.
म्हणजे मोरीजवळ बसून मी जे जे विचारलं
ते सगळं हा रोज जिनिंगवर वाचत होता,
आणि घरी येऊन एवढंच म्हणायचा,
'जेवली का?'

उजाडायच्या आत त्यानं गाडी काढली.
टाकी भरलेली होती.
कधी भरली, मी विचारलं नाही.

चंद्रकलाताई मेश्राम अंगणात दात घासत होत्या.
चूळही भरली नाही.
माझ्या नडगीवर अंगठा दाबला, उचलला.
खळगा तसाच राहिला,
त्यात थोडी राखुंडी.
'काहून थांबली वं पोरी?'
उपकेंद्रात पट्टा फुगवला,
आकडा मला सांगितला नाही,
गाडी बोलावली.

आता यवतमाळच्या वॉर्डात, डाव्या कुशीवर.
फोन माझ्याजवळ ठेवून तो खाली पायरीवर बसतो.
आज सोमवार. आलं लिहून:
बटरनट स्क्वॉशएवढं.
सिस्टरला विचारलं. तिलाही ठाऊक नाही.
शेजारच्या खाटेवर पोडावरची मुलगी,
माझ्याहून लहान, चार दिवसांत पहिल्यांदा बोलली,
'त्याच्यात काय दिसते?'
'कोहळ्याएवढं झालं म्हणते.'
'लहान कोहळं का मोठं?'
मी तिचा हात ओढून घेतला,
लाथ बसते तिथे ठेवला.
आम्ही दोघी थांबलो.