तालीम

मे महिना. पंचगंगा पार तळाशी,
घाटाच्या पायऱ्या उन्हात उघड्या,
आणि आमच्या घरात शिट्टी वाजते : पाणी आलं!

सुतारवाड्यात तालीम म्हटलं की
लाल माती, शड्डू.
आमची ही वेगळी. हिच्यात
भिडायचं नसतं, सुटायचं असतं.

दारामागं चार पाठपिशव्या.
आधारकार्डं प्लॅस्टिकात, बॅटरी, दोरी,
मामंजींच्या बीपीच्या गोळ्या, शेंगदाण्याचे लाडू.
लाडू दर रविवारी कमी होतात.
उंदीर, म्हणतो हंबीर. गालाला गूळ.

पहिल्या वेळी अकरा मिनिटं लागली.
हंबीर उलट्या चपला घालून जिन्यात बसला
आणि मी, सगळ्यांवर ओरडता ओरडता,
गॅस बंद करायचा विसरले.

काल साडेपाच.
भर उन्हात दसरा चौकापर्यंत गेलो.
शेजारच्या आक्का हसल्या, "सहलीला व्हय गं?"
मग जवळ येऊन, हळू :
"दोरी किती फूट घेतलीस?"

भिंतीवर त्या सालची रेघ आहे.
हंबीर तिला पाठ लावून उभा राहतो,
टाचा उचलतो.
अजून बरंच वर आहे पाणी.

रात्री पिशव्या परत भरताना
तेजलच्या कप्प्यात खडू सापडला.
"दारावर लिहिणार, आम्ही शाळेत आहोत.
नाहीतर मनीला कसं कळणार?"

मांजराला वाचता येत नाही,
खडू पाण्यात टिकत नाही.
यातलं काहीच बोलले नाही मी.
माळ्यावर खिडक्यांचा उरलेला ऑइलपेंट होता,
तो खाली काढून ठेवला.